नानांचा पायल-अप

हॅम रेडिओवाल्यांच्या कुठल्याही बैठकीला जा, तिथे एक नाना भेटणारच. ओळखायला अगदी सोपे. बाकीचे नव्या रिगबद्दल, अँटेनाबद्दल, कुठल्याशा चिनी हँडसेटबद्दल बोलत असतात आणि नाना १९९० च्या दशकातल्या गर्दीच्या आठवणी काढत असतात. "काय दिवस होते! एक सीक्यू सोडला की दहा जण अंगावर. जपानी, रशियन, ब्राझीलवाले... आवर म्हणता आवरायचे नाहीत." शेजारी बसलेला नवशिक्या भारावून जातो. चहा येईपर्यंत त्याला कळते, की ते दहाही जण नानांच्या कॉम्प्युटरात राहत होते.

नाना ज्यांच्यासाठी झुरतात ते मोर्स कॉन्टेस्टचे जुने सिम्युलेटर. कॉन्टेस्ट म्हणजे ठरलेल्या वेळात सीक्यूची ('आहे का कुणी?') हाक देऊन जगभरच्या जास्तीत जास्त हॅमना गाठायचे. नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइडची मोर्सची फेरी असते, सलग ४८ तास. समोरच्याचा कॉलसाइन (म्हणजे हवेतले नाव) टिपायचा, त्याला ५९९ हा शेरा द्यायचा, आपला विभाग सांगायचा (भारताचा २२), टीयू (थँक यू) म्हणायचे, पुढचा. आवाज खोल विहिरीतून येत असला तरी शेरा ५९९ च. तोही पुरता देत नाहीत. नऊसाठी चार डॅश आणि एक डॉट वाजवण्यापेक्षा 'एन' चा एक डॅश आणि एक डॉट लवकर उरकतो, म्हणून '५एनएन'. "शंभर टक्के स्पष्ट ऐकू येतंय, फक्त तुमचं नाव पुन्हा सांगा" असे तोंडावर म्हणणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. बरेच जण एकाच वेळी बोलावू लागले, की त्या कोलाहलाला पायल-अप म्हणतात. तो उपसता यावा म्हणून घरी सराव करायचे प्रोग्रॅम निघाले.

हा इतिहास नाना पोथी सांगावी तसा सांगतात. आदिपर्वात डॉक्टर डीएक्स. १९८० च्या दशकात एईए नावाच्या अमेरिकन कंपनीने कमोडोर ६४ साठी काढलेली ही कार्ट्रिज. ती खोचली की घरच्या टीव्हीवर अख्खा शॉर्टवेव्ह बँड अवतरायचा. ना अँटेना, ना ट्रान्समीटर. नानांनी ती कधी पाहिलेली नाही. पण बालगंधर्व न ऐकलेली माणसे ज्या अधिकाराने बालगंधर्वांवर बोलतात, त्याच अधिकाराने नाना डॉक्टर डीएक्सवर बोलतात. त्यानंतर डॉसचे सुवर्णयुग. टीआर लॉग ही कॉन्टेस्टची नोंदवही, पण सिम्युलेटर तिच्या पोटातच. जर्मन रुफ्झ म्हणजे छळवाद. एकामागून एक ५० कॉलसाइन, बरोबर टिपला की पुढचा आणखी जोरात, चुकला की दया येऊन सावकाश. आणि जपानमधल्या एका हॅमने केलेला पेड. त्याचे नाव निघाले की नाना चष्मा काढतात.

पेडसाठी नानांनी जुना पेंटियम सांभाळला आहे. तो उघडाच असतो, कारण झाकण लावले की तापतो. फ्लॉपी ड्राइव्ह गेला तेव्हा बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून सुरुवात करून त्यांनी दुकानामागून दुकान पालथे घातले. एका तरुण दुकानदाराने विचारले, "काका, फ्लॉपीत आहे काय एवढं?" नाना म्हणाले, "माणसं."

आता कुणी म्हणेल, एवढी हौस आहे तर खऱ्या रेडिओवर बसा की. बसतात. परवाना आहे, तोही पहिल्या श्रेणीचा. मिनिटाला बारा शब्दांची मोर्स लागायची त्या काळातला. (आता वरच्या परवान्याला आठ पुरतात. हे सांगताना नाना आठ हा आकडा चिमटीत धरल्यासारखा उच्चारतात.) पण कोथरूडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर खरा बँड म्हणजे लिफ्टची मोटर, दीडशे एलईडी दिवे, तितकेच चार्जर आणि वर सोलर इन्व्हर्टर यांचे सामुदायिक भजन. त्यातून शंभर वॅटवर आणि गच्चीतल्या एका वायरवर नाना सीक्यू, सीक्यू करीत राहतात. युरोपला ते ऐकू जात नाही. गेले तर तिथला मोठ्या अँटेनावाला त्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. सिम्युलेटरमध्ये मात्र एफ१ दाबायचा अवकाश, सगळे जग नानांच्या दाराशी! तिथे कुणी त्यांना ओलांडून पुढे जात नाही, सेक्रेटरी गच्चीची किल्ली मागत नाही. नानांना खरी चटक लागली आहे ती या हवेहवेसे असण्याची. त्यांनी हे कबूल केलेले नाही, माझे निदान आहे.

पुढे कॅनडातल्या अलेक्स शोवकोप्लियास यांचा मोर्स रनर आला. तो फुकट आहे, उत्तम आहे, वेगवान मोर्सच्या जागतिक स्पर्धांतही वापरतात. नानांनी तोही पचवला. त्यात 'लिड्स' नावाची एक चौकट आहे. तिच्यावर टिचकी मारली की गर्दीत अडाणी ऑपरेटर मिसळतात: चुकीचे पाठवणारे, पुन्हा पुन्हा विचारणारे, मध्येच घुसणारे. नाना ती चौकट कधीच काढत नाहीत. अडाण्यांशिवाय गर्दीला चव नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यातली कॉलसाइनची यादीही त्यांनी जुनीच ठेवली आहे. यादी खऱ्या हॅमची असते. त्यातले कित्येक आता 'सायलेंट की' झाले, म्हणजे हॅमच्या भाषेत गेले. तरी रोज साडेनऊच्या बातम्या संपल्या, की ते नानांना बोलावतात आणि नाना त्यांना ५एनएन देतात.

या सगळ्याला वहिनींचा विरोध नाही, पण आदरही नाही. वहिनी तार ऑफिसातल्या. साउंडरच्या नुसत्या कट-कट आवाजावरून मोर्स उतरवलेल्या. "समोर माणूस नाही, मजकूर नाही, मग निरोप कुणाचा घेता?" असे त्या एकदाच म्हणाल्या. नानांनी सरावाचे महत्त्व सांगितले. वहिनी म्हणाल्या, "आम्ही हे आठ तास करायचो, आणि पहिल्या तारखेला पगार मिळायचा." २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. वहिनींनी कणीक मळली. नाना मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. मध्यंतरी मी गेलो तेव्हा नाना हेडफोन काढून स्पीकरवर पायल-अप उपसत होते. एकाचा कॉलसाइन अडला होता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "बी नाही हो तो, सहा आहे. एक टिंब खाल्लंत." नानांनी दुरुस्त केले, गुण मिळाले, आणि ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बघा, पेडमध्ये बी आणि सहा कसे स्वच्छ वेगळे यायचे!"

तर, कुणाकडे जुने आयएसए स्लॉटचे साउंड ब्लास्टर कार्ड चालू स्थितीत पडून असेल तर कळवा. नानांचे गेल्या पावसाळ्यात गेले, तेव्हापासून पेड मुका आहे. किंमत मागाल ती देतील. फक्त कार्ड द्यायला जाल तेव्हा त्यांना मोबाइलवरचे नवे सिम्युलेटर सुचवू नका. ते त्यांनी पाहिले आहेत. त्यांतली खरखर खोटी आहे.