नावाला मालक

“गुरुजी, मालेगावच्या त्या पोरांच्या खात्यांचं पुढं काय झालं हो?”

जिभाऊंना विषय सुचतो तो असा, मधूनच. पेपर त्यांचा, वाचून दाखवायचं काम माझं आणि मध्ये छातीइतकी भिंत. प्रकरण नोव्हेंबर २०२४ मधलं. मक्याचा धंदा करायचाय, शेतकऱ्यांच्या पैशांसाठी खाती लागतील, तुम्हाला बाजार समितीत कामाला लावतो, असं सांगून पोरांची कागदपत्रं घेतली आणि एका सहकारी बँकेच्या मालेगाव शाखेत खाती काढली, अशी ती तक्रार. त्या खात्यांतून शंभर कोटींच्या वर रक्कम फिरली म्हणे. मग ईडीचे छापे पडले.

“नाव पोरांचं, पैसा भलत्याचाच,” जिभाऊ म्हणाले. “आपल्याकडंच चालतं हे असं.”

“आपल्याकडंच कशाला? अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाच्या नावावर चार कॅसिनो होते, अन् त्यातला एकही त्याचा नव्हता.”

एवढं म्हटल्यावर जिभाऊंनी दोन्ही कोपरं भिंतीवर टेकवली. वहिनी अंगणात लसूण निवडत होत्या, त्यांनी पाट भिंतीकडे सरकवला.

“कॅसिनो म्हंजे गोव्याला मांडवीतल्या बोटींवर असतो तो?”

“तोच. पण हा जमिनीवरचा, लास वेगासचा. माणसाचं नाव अ‍ॅलन ग्लिक. वकील, व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेला, सॅन दिएगोत जमिनींचे व्यवहार करणारा. तिशी नुकती ओलांडलेली. १९७४ मध्ये त्यानं स्टारडस्ट अन् फ्रिमाँट हे त्यातले दोन कॅसिनो घेतले. कर्ज किती, तर सहा कोटी सत्तावीस लाख डॉलरच्या वर.”

“तारण काय दिलं?” हा प्रश्न जिभाऊच विचारू जाणे. सोसायटीच्या पीककर्जाला सातबारा, आठ-अ, जामीनदार गोळा करता करता त्यांच्या चपला झिजल्यात.

तारण म्हणजे तो स्वतःच. कर्ज दिलं ते ट्रकवाल्यांच्या संघटनेच्या, टीमस्टर्सच्या, पेन्शन फंडानं. फंड ड्रायव्हर लोकांच्या घामाचा, पण कर्ज कुणाला द्यायचं यात शब्द चालायचा शिकागो, कॅन्सस सिटी, मिल्वॉकी, क्लीव्हलंडच्या टोळ्यांचा. त्यांना हवा होता स्वच्छ चेहऱ्याचा माणूस. नेवाडात, म्हणजे वेगासच्या राज्यात, परवान्यासाठी माणसाची सगळी कुंडली तपासतात, गुंडाला परवाना मिळत नाही. ग्लिकच्या नावावर डाग नव्हता. त्यानंही कर्ज मिळावं म्हणून मिल्वॉकीच्या म्होरक्याच्या मुलांना आपली निम्मी कंपनी चिल्लर किमतीत घेण्याचा हक्क लिहून दिला होता.

“अन् कारभार?”

“कारभार फ्रँक रोझेन्थाल नावाच्या शिकागोच्या बुकीचा. त्याला परवाना मिळेना, म्हणून कागदावर त्याचा हुद्दा कधी खाण्यापिण्याच्या विभागाचा, कधी करमणुकीच्या विभागाचा. ग्लिकनं एकदा त्याला आवरायला बघितलं. तर कॅन्सस सिटीला अंधाऱ्या खोलीत बोलावून, तोंडावर दिवा मारून त्याला सांगितलं गेलं, की तू आमच्या पैशावर उभा आहेस.”

“मालकाला?” वहिनींचा हात थांबला.

“नावाच्या मालकाला.”

आता जिभाऊ म्हणजे बाजार समितीतले जुने मापारी. कांद्याच्या किती ट्रॉल्या त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या त्याला गणती नाही. त्यामुळं पुढची गोष्ट मी मुद्दाम त्यांच्यासाठी राखली होती. जुगाराच्या यंत्रांत पडलेली नाणी कॅसिनोत मोजत नसत, वजनावर घेत. स्टारडस्टमध्ये तो काटाच बिघडवून ठेवलेला होता. वजन तिसऱ्या हिश्शानं कमी दाखवायचा. वरची नाणी हिशोबात येण्याआधीच गायब. सरकारचा कर बुडाला आणि टोळ्यांचे वाटे पोचते झाले. मे १९७६ मध्ये नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळानं धाड घातली तेव्हा हे उघडं पडलं. तोवर सत्तर लाख ते दीड कोटी डॉलर असे गेले असावेत, असा अंदाज आहे.

जिभाऊ खूश! “काटामारी! तिथंबी काटामारी! आन् आम्हाला शेतकरी किलो-दोन किलोवरून शिव्या घालू राहिले जन्मभर!”

“तुम्ही मारायचे का?” वहिनींनी तिथल्या तिथं विचारलं. जिभाऊंनी ते ऐकलं नाही.

त्याच १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं कॅसिनोचा कायदा केला होता, हे मी सांगितलं तर दोघांचाही विश्वास बसेना. केला, पण लागू काही झाला नाही. तसाच पडून राहिला आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. महाराष्ट्राचा जुगार मटक्याचा. त्यात बुरखा नव्हता. रतन खत्री आकडा काढायचा हे सगळ्या मुंबईला ठाऊक, आणीबाणीत तो आत गेला तेही स्वतःच्या नावानंच.

“अन् आपल्या सटाण्यात खजिन्याचं काय झालं होतं?” वहिनी म्हणाल्या. “ते सांगा की त्या अमेरिकावाल्यांना.”

बागलाणच्या माणसाला खजिना म्हटलं की देव मामलेदारच आठवणार. यशवंतराव महाराज इथं मामलेदार असताना १८७०-७१ चा दुष्काळ पडला आणि त्यांनी सरकारी खजिन्यातले एक लाख सत्तावीस हजार रुपये रयतेला वाटून टाकले. तपासणी आली तेव्हा रक्कम बरोबर भरली, असं अख्खं गाव मानतं. वेगासला खजिना भरलेला आणि मोजला की कमी. सटाण्यात रिकामा आणि मोजला की पुरा. जिभाऊ यावर इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

ग्लिकचा शेवट काही हसण्यासारखा नाही. १९७८ मध्ये कॅन्सस सिटीच्या टोळीचा कार्ल डेलुना त्याला वकिलाच्या ऑफिसात भेटला. खिशातून कागद काढला आणि ग्लिकच्या मुलांची नावं, वयं वाचून दाखवली. कॅसिनो विक, नाहीतर एकेक करून... पुढचं सांगायची गरज नव्हती. १९७९ मध्ये त्यानं कंपनी विकली. पण हा डेलुना मोठा हिशोबी गडी. कुणाला किती पोचते केले, सगळं टिपून ठेवायचा. एफबीआयनं त्याच्या घरातून त्या टिपणवह्याच उचलल्या, वर फोनवरचं बोलणंही चोरून ऐकलेलं होतंच. १९८५ मध्ये कॅन्सस सिटीच्या कोर्टात ग्लिक साक्षीला उभा राहिला आणि जानेवारी १९८६ मध्ये शिकागोचे म्हातारे म्होरके दोषी ठरले. पुढं १९९५ मध्ये स्कॉर्सेसीनं ‘कॅसिनो’ सिनेमा काढला, त्यातला बिचारा मालक हाच, नाव तेवढं बदललेलं.

“आन् ग्लिकला किती वर्षं?”

“एक दिवसही नाही. आरोपच ठेवला नाही. २०२१ मध्ये वारला, श्रीमंत माणूस म्हणून.”

जिभाऊंचं मत पडलं, की पोराबाळांवर आल्यावर माणूस काय करणार. मलाही ते पटायला लागलं होतं. पण वहिनींनी लसणाची टरफलं सुपात गोळा केली आणि निकाल देऊन टाकला.

“मालेगावच्या पोरांचं मी समजू शकते, त्यांना नोकरी सांगितली होती. हा तर वकील! निम्मी कंपनी चिल्लरीत लिहून देताना समोर कोण बसलंय, ते त्याला कळलं नसेल होय? कोर्टानं सोडला असेल. मी नसता सोडला.”