भिडस्त घरमालक

भाडे थकलेले असताना भाडेकरूशी भाड्याखेरीज इतर सर्व विषयांवर बोलणारा मालक म्हणजे भिडस्त घरमालक. पुण्यात कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता या पट्ट्यात तो मुबलक आढळतो. ठाणे, डोंबिवली आणि नाशिकलाही त्याची चांगली वस्ती आहे. बँकेतून, वीज मंडळातून किंवा शाळेतून तो निवृत्त झालेला असतो. राहत्या घराखेरीज त्याच्याकडे एक ‘दुसरा फ्लॅट’ असतो. तो मुलासाठी घेतलेला असतो आणि मुलगा अमेरिकेत असतो.

घरमालक म्हटले की मराठी माणसाला १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तले विश्वास सरपोतदार आठवतात. सुधीर जोशींनी रंगवलेला तो मालक भाडेकरूला घालवल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. भिडस्त मालकाने हा सिनेमा टीव्हीवर कितीदा तरी पाहिलेला असतो आणि प्रत्येक वेळी तो भाडेकरूंच्या बाजूने हसलेला असतो. पुढच्या सगळ्या नुकसानीचे मूळ इथे आहे.

त्याचे आजोबा असे नव्हते. ते पेठेतल्या वाड्याचे मालक होते आणि त्यांचे दुखणे वेगळे होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दरापाशी आणून बांधून ठेवले. महागाई वाढली, वाड्याची कौले फुटली, जिना डुगडुगू लागला, भाडे मात्र जागचे हलले नाही. त्यामुळे थकबाकीचा तंटा त्या काळी उलटा चाले. भाडेकरू थकबाकीदार ठरावा म्हणून मालकच भाडे घ्यायचे टाळी. भाडेकरू मनीऑर्डर धाडी. मालक ती नाकारी. आणि पोस्टमनचा ‘नाकारली’ हा शेरा भाडेकरू मुलीच्या पत्रिकेइतका जपून ठेवी. भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली. महिना ३० रुपये भाड्यावर ही वाढ १ रुपया २० पैसे होते. दरम्यान अनेक वाडे बिल्डरकडे गेले आणि त्याच पैशांतून नातवाचा दुसरा फ्लॅट उभा राहिला.

या फ्लॅटचा पहिला करार निर्दोष असतो, कारण तो एजंट करतो. अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन नोंदणी, अंगठे, फोटो, पोलिसांकडे माहिती, सगळे रीतसर. (भाडेपट्टा वर्षाचा झाला की नोंदणी सक्तीची, ती टळावी म्हणून अकरा महिने, असा जुना हिशेब. महाराष्ट्रात २००० पासून अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. तरी अकराचा आकडा लोकांच्या हाडात मुरला आहे.) नूतनीकरणाच्या वेळी मात्र एजंट नसतो. भाडेकरू म्हणतो, “काका, आता आपण घरचेच. परत कशाला तो खर्च?” काका विरघळतात. कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय नोंदलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘काका’ या एका हाकेवर इतके सगळे पणाला लागते.

यानंतर तीन-चार महिन्यांत भाडे थकते. पहिल्या महिन्यात कंपनीचा पगार लांबलेला असतो. दुसऱ्यात बँकेचा सर्व्हर बंद असतो. तिसऱ्यात गावाकडे कोणीतरी आजारी पडते, आणि काका प्रकृतीची चौकशी करायला दोनदा फोन करतात. चौथ्यात भाडेकरू स्वतःहूनच तोडगा सुचवतो: “डिपॉझिटमधून वळतं करून घ्या ना.” काकांना हा माणूस व्यवहाराला चोख वाटतो. डिपॉझिट संपल्यावर वळते करायला काही उरत नाही, तेव्हा मालकाच्या आयुष्यातला तगाद्याचा कालखंड सुरू होतो.

तगादा व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. त्यात आधी आठवडाभर गुलाबाची फुले आणि ‘शुभ सकाळ’ जाते. मग ‘भाड्याचे सवडीने पाहावे’ असा संदेश तयार होतो. तो दोनदा पुसला जातो आणि तिसऱ्यांदा, नमस्काराचे दोन हात जोडून, रवाना होतो. निळ्या खुणा उमटतात. उत्तरादाखल एक अंगठा येतो. भाडेकरूने त्यातला ‘सवडीने’ हा शब्द तेवढा मनावर घेतलेला असतो.

शेवटी मालक जातीने जातो. जाताना लिफ्ट टाळून जिन्याने चढतो, म्हणजे तीन मजल्यांत वाक्य पाठ होते: “हे बघा, सहा महिने झाले.” दार उघडते तेव्हा समोर भाडेकरू नसून त्याची चार वर्षांची मुलगी असते आणि ती “आजोबा आले!” असे ओरडत आत पळते. मालक चपला काढतो. “सहजच आलो होतो, इकडून चाललो होतो,” असे वाक्य तोंडातून निघते आणि पाठ केलेले वाक्य तिथेच संपते. चहा येतो, त्यात आले असते. भाडेकरूची बायको सांगते की गिझर तापत नाही. मालक बाथरूममध्ये जाऊन गिझर पाहतो, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावतो आणि बिल आपल्याकडे पाठवायला सांगतो. निघताना भाडेकरू जिन्यापर्यंत पोचवायला येतो. “काका, या महिनाअखेरीस नक्की.” कोणत्या महिन्याच्या, हे विचारणे मालकाला अपमानास्पद वाटते. भाडेकरूचा नव्हे, स्वतःचा अपमान.

घरी पुढील संवाद होतो.

“विचारलंत?”

“विषय निघाला होता.”

“कोणी काढला?”

इथे मालक पेपर उघडतो.

दरम्यान बाहेरचे कोणी भिडेखातर थांबत नाही. महापालिका मिळकत कर मागते. सोसायटी देखभाल खर्च मागते आणि वर बिनभोगवटा शुल्कही लावते, म्हणजे मालक स्वतः तिथे राहत नाही याबद्दलचा आकार. सरकारने तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ नये असे ठरवून दिले आहे. फ्लॅटमध्ये चार माणसे, एक मांजर आणि दोन दुचाक्या नांदत असताना मालक बिनभोगवट्याचे पैसे भरतो. न मिळालेले भाडे आयकरात उत्पन्नातून वगळता येते, पण भाडेकरूला घालवले किंवा घालवायचे प्रयत्न केले हे दाखवावे लागते आणि वसुलीसाठी कायद्याचा मार्गही धरलेला असावा लागतो. गुलाबाच्या फुलांचे स्क्रीनशॉट तिथे चालत नाहीत.

सोसायटीच्या कट्ट्यावर सल्ला फुकट मिळतो. “पाणी तोडा, आठ दिवसांत जातो की नाही बघा,” असे चेअरमन सांगतो. कुलूप बदलायचाही एक पक्ष असतो. हे मात्र कायद्याने करता येत नाही. पाणी-विजेसारख्या अत्यावश्यक गोष्टी तोडणाऱ्या मालकाविरुद्ध भाडेकरूच न्यायालयात जाऊ शकतो. भिडस्त मालक तोडाफोडीच्या वाटेला जात नाही, पण त्याचे श्रेय कायद्याला देता येणार नाही. वीज बंद केली तर मुलीच्या अभ्यासाचे काय, हा त्याचा प्रश्न असतो.

मग वकील. कागद पाहून वकील डोक्याला हात लावतो. करार नोंदवलेला असता आणि त्याची मुदत संपलेली असती, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करून ताबा मागता आला असता; मुदतीनंतरच्या दिवसांचे दुप्पट शुल्कही मागता आले असते. आता तो माणूस स्वतःला भाडेकरू म्हणवणार आणि प्रकरण लघुवाद न्यायालयात जाणार. तिथे आधी लेखी मागणी, मग ९० दिवसांची वाट, मग दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी सरळव्याजाने, १५ टक्के दराने, दाव्याच्या खर्चासह भरली आणि पुढे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. कोर्टाची दिरंगाई हा मालकांचा आवडता विषय आहे. पण भिडस्त मालकाच्या प्रकरणात पहिली तारीख पडायच्या आत जी सव्वा-दीड वर्षे जातात, ती कोर्टाने घेतलेली नसतात. ती चहात गेलेली असतात.

नोटीस जाते. तिची भाषा वाचून मालकालाच घाम फुटतो. ‘माझे अशील आपणाविरुद्ध दिवाणी व फौजदारी कारवाई करतील’ हे वाक्य वगळता येईल का, असे तो वकिलाला विचारतो. आणि नोटीस पोचायच्या आधी भाडेकरूला फोन करून “वकिलानं पाठवलंय, मनावर घेऊ नका,” असेही सांगून टाकतो.

बहुतेक प्रकरणे इथे तडजोडीवर येतात. भाडेकरू जायला तयार होतो, पण हात रिकामा असल्याचे सांगतो. मालक मागची बाकी सोडून देतो आणि टेम्पोचे भाडे आपण भरतो. व्यवहारात या शेवटच्या रकमेची पावती तेवढी त्याच्याकडे उरते. निरोपाच्या वेळी ते कुटुंब वाकून नमस्कार करते. मालकीणबाई मुलीला खाऊ देतात. महावितरणचे थकलेले बिल, भिंतीतले खिळे आणि निखळलेला गिझर नंतर दिसतात. पुढचा करार मालकीणबाई करतात, नोंदवतात, आणि भाडे पाच तारखेला खात्यात येते. त्यांचा प्रकार वेगळा असून त्याचा विचार येथे केलेला नाही.

पंधरा दिवसांनी जुन्या भाडेकरूच्या नव्या मालकाचा फोन येतो. आवाजावरून तोही निवृत्त वाटतो. माणूस कसा आहे, असे तो चाचरत विचारतो. भिडस्त मालक सांगतो की माणूस फार चांगला, बोलायला गोड, घरी गेले की चहाशिवाय सोडत नाही. भाड्याचे काय, हे त्या गृहस्थाला विचारायचे असते. पण पहिल्याच फोनवर तो विषय काढणे त्याला बरे वाटत नाही.