चिकटलेला कूलर सोडवण्याची सोपी कृती

लागणारा वेळ: वीस मिनिटं. आमच्याकडे तीन आठवडे लागले, पण मध्ये दिवाळी आली होती.

साहित्य: एक जुनं ग्राफिक्स कार्ड, एक नवा कूलर, हेअर ड्रायर (विचारून घेतलेला), फ्रीजमधला बर्फाचा कप्पा (न विचारता घेतलेला), आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, मुदत संपलेलं एटीएम कार्ड, दातांचा फ्लॉस, सुती फडकं. स्क्रू ड्रायव्हर या यादीत नाही, आणि ही छपाईची चूक नव्हे. घरात जेवढे असतील तेवढे, चपटे आणि स्टारचे, सगळे एका पिशवीत घालून शेजारी नेऊन द्या. माझे मी समोरच्या काकांकडे दिले. कारण विचारलं तर सांगू नका. सांगितलंत तर ते मदतीला येतील.

पायरी पहिली: कार्ड ओळखणे. आजकालच्या कार्डांचे कूलर स्क्रूंनी बसवलेले असतात. ते उघडायला हिंमत लागते, कौशल्य फारसं लागत नाही. आपला विषय आहे २००० सालच्या आसपासची कार्डं. माझं होतं जीफोर्स २ एमएक्स. त्या काळी मध्यमवर्गीय घरात हे कार्ड येणं म्हणजे चाळीत पहिला फ्रीज येण्यासारखं होतं. हा चिप सगळा मिळून जेमतेम चार वॉट वीज खायचा. २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० हे ४५० वॉटचं आहे. म्हणजे आपल्या कार्डाची भूक देवघरातल्या झिरोच्या बल्बापेक्षाही कमी. तरीही त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पंखेदार ठोकळा बसवलेला असे. पंचवीस वर्षांनी त्या पंख्यातलं तेल सुकतं आणि कॉम्प्युटर सुरू केला की शेजारच्या खोलीत कुणीतरी सुक्या खोबऱ्याची चटणी वाटतंय असं वाटतं.

आता कार्ड उलटं करून मागची बाजू पाहा. कूलरच्या कोपऱ्यांखाली भोकं आणि त्यांतून डोकावणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या दिसल्या तर तुमचं नशीब थोर आहे. पकडीने खुंटीची टोकं चिमटा, पुढे ढकला, कूलर हातात. ही कृती इथेच सोडून चहा घ्या. मागे काहीच दिसलं नाही, नुसतं हिरवं मैदान, तर कूलर गोंदाने चिकटवलेला आहे. पुढे वाचा.

चिकटवतात कशाला, असं नवशिक्यांना हमखास वाटतं. चिपचा माथा आणि कूलरचा तळ दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण मध्ये हवेच्या बारीक पोकळ्या राहतात आणि हवा उष्णता नेण्याच्या कामी अगदीच आळशी. त्या पोकळ्या भरायला थर्मल पेस्ट असते. पण पेस्ट म्हणजे लोणी, ती काही धरून ठेवत नाही. कूलर दाबून धरायला स्प्रिंग हवी, स्प्रिंगला खुंटी हवी, खुंटीला बोर्डात भोक हवं, आणि भोक पाडायचं तर तिथून जाणारी तांब्याची रेघ वळवून न्यायला हवी. एवढा सगळा संसार टाळण्यासाठी स्वस्त कार्डांवर सरळ थर्मल इपॉक्सी लावायचे. दोन नळ्यांमधलं मिश्रण कालवायचं, लावायचं, ठोकळा ठेवायचा, झालं. घरात अ‍ॅराल्डाइटने कपाचा कान जोडलेला असेल तर हा प्रकार तुम्हाला माहीत आहे. कप पुन्हा फुटतो तेव्हा दुसरीकडे फुटतो. कान जागचा हलत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हा कप डोळ्यांसमोर ठेवा.

पायरी दुसरी: जे करायचं नाही ते. कूलरच्या एका कडेखाली काहीतरी खुपसून उचकटायचं नाही. ही पायरी मी माझ्या पहिल्या कार्डावर गाळली होती. चपटा स्क्रू ड्रायव्हर घातला, थोडा जोर दिला, ‘टक्’ असा समाधानकारक आवाज आला आणि कूलर सुटला. त्याला चिपही चिकटून आला. तो उलटा धरला तर खाली रांगोळीचे ठिपके काढल्यासारखे चांदीचे गोळे, रांगेत. चिप बोर्डावर याच गोळ्यांनी डाखलेला असतो. गोंदाची पकड त्या डाखापेक्षा मजबूत होती, एवढंच. काही ठिपके चिपला राहिले, काही बोर्डावर, आणि काहींनी येताना बोर्डावरचा तांब्याचा पापुद्राही सोबत आणला होता. आईने तो तुकडा बघून विचारलं, “हे परत चिकटवता येत नाही का?” येत नाही, आई. गोंद तर अजून तसाच आहे.

पायरी दुसरी, पुन्हा: दुसरं कार्ड आणणे. मुंबईत असाल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे आता मोबाइलची कव्हरं जास्त दिसतात, पण एखाद्या पोटमाळ्यावर एजीपीची कार्डं रद्दीसारखी रचून ठेवलेली सापडतात. शेठला “चालू आहे का?” असं विचारू नका, तो हो म्हणेल.

पायरी तिसरी: उष्णता. इपॉक्सी एकदा धरली की मेणासारखी वितळत नाही, पण तापली की जरा मवाळ होते. हेअर ड्रायर कूलरवर चार-पाच मिनिटं धरा, फडक्याने पकडा आणि पिळा. पिळा म्हणजे बरणीचं झाकण उघडतो तसं, पण केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. पिळताना जोर सगळ्या ठिपक्यांवर वाटला जातो. उचकटताना तो एका कडेच्या ओळीवर येतो आणि मग ओळीमागून ओळ सुटत जाते, चेन उघडावी तशी. ड्रायरऐवजी हीट गन वापरायचा मोह होईल. जुन्या कार्डांवरचा शिसं-कथलाचा डाख १८३ अंशांना वितळतो आणि हीट गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. कूलर सुटेल, पण त्याच्यासोबत आजूबाजूचे मोहरीएवढे कपॅसिटरही स्थलांतर करतील.

दहा मिनिटं ड्रायर चालवूनही काही हललं नाही तर निराश होऊ नका. केस मात्र कुणाचे तरी ओले राहिलेले असतात, आणि ते माणूस दारात उभं असतं. ड्रायर परत करा.

पायरी चौथी: थंडी. या कृतीचं खरं मर्म इथे आहे. गार झालेली इपॉक्सी ठिसूळ होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम जेवढं आक्रसतं तेवढं चिपचं अंग आक्रसत नाही. हिशेब करून बघा: खोलीत ३० अंश, बर्फाच्या कप्प्यात उणे १८. एवढ्या फरकाने ४० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा साधारण ०.०४ मिलिमीटरने लहान होतो. ऐकायला हे काहीच नाही. पण ज्या गोंदाला वाकणं माहीत नाही त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी अशी ओढाताण झाली की तो आतून तडकायला लागतो. ज्यांनी एकाच घरात दोन सुना बघितल्या आहेत त्यांना वेगळं समजवायला नको.

कार्ड झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, नाहीतर बाहेर काढल्यावर त्याला दव सुटेल. पिशवी दोन तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा. जागा करावी लागेल. आमच्याकडे त्या कप्प्यात हिवाळ्यात सोललेले मटार, खवलेलं खोबरं आणि कुणालाच आठवत नाही अशी एक पुडी असते. मटार उचलून खाली ठेवले. परत ठेवायचे राहिले. (त्या रात्री मटार उसळ, दुसऱ्या दिवशी मटार भात, तिसऱ्या दिवशी मटार करंज्या. याची नोंद लागणाऱ्या वेळात धरलेली नाही.) पिशवीवर नाव लिहा. मी लिहिलं नव्हतं. आईने चिक्की समजून ती बाहेर काढली, उघडून बघितली आणि काही न बोलता देवघरासमोर ठेवली.

दोन तासांनी कार्ड काढून लगेच पिळा. जमलं तर ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो. पहिल्या कार्डाच्या ‘टक्’पेक्षा तो वेगळा, पण हे दोन्ही ऐकलेल्यालाच कळतं. नाही जमलं तर पुन्हा आत, पुन्हा दोन तास. फ्लॉस यासाठीच आणला होता: फटीत घालून करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. खरं सांगायचं तर फ्लॉस टेपवर आणि मऊ पॅडवर चालतो, पक्क्या इपॉक्सीपुढे तो तुटतो. पण हाताला काहीतरी उद्योग राहतो. नायलॉनचा मांजा मात्र नको, त्यावर बंदी आहे.

पायरी पाचवी: सफाई. चिपवर राहिलेली खपली एटीएम कार्डाच्या कडेने हळूहळू खरवडा. अल्कोहोल जुनी पेस्ट आणि हाताचं तेल पुसतं, धरलेल्या इपॉक्सीला ते काही करत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मागू नका. एक तर ड्रायरचं प्रकरण अजून ताजं आहे आणि दुसरं म्हणजे त्यातला अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक आणि छापील अक्षरं खातो. आणि ओल पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान रात्रभर, कार्डाला वीज दाखवू नका.

पायरी सहावी: नवा कूलर. बोर्डाला भोकं नाहीत, म्हणजे हाही चिकटवावाच लागणार. इथे माणूस थोडा थबकतो. एक जुनी युक्ती आहे: थर्मल इपॉक्सीत थोडी साधी थर्मल पेस्ट कालवायची. पकड कच्ची राहते आणि पुढच्या वेळी कूलर सहज सुटतो. किती कालवायची ते कुणी नक्की सांगत नाही. कमी झाली तर पुन्हा मटार सोलावे लागतील, जास्त झाली तर कूलर उभ्या कॅबिनेटमध्ये घसरून खालच्या कार्डावर पडेल. दुसरा उपाय थर्मल टेपचा. चार वॉटच्या चिपला टेप पुरते.

पायरी शून्य: ही सुरुवातीलाच द्यायला हवी होती, पण ती मला सहाव्या पायरीनंतर कळली. जुना ठोकळा सोडवल्यावर टेबलावर ठेवला होता. दिव्याचा उजेड तिरपा पडला आणि पंख्याच्या कोपऱ्यांत चार बारीक स्क्रू चमकले. पंखा ठोकळ्याला चिकटवलेला नव्हताच, नुसता स्क्रूंनी बसवला होता. आवाज पंख्याचा होता. ठोकळा बिचारा पंचवीस वर्षं एक शब्द बोलला नव्हता. चार स्क्रू काढायचे, त्याच मापाचा नवा पंखा बसवायचा, वायर जोडायची. पंखा न बदलताही मधला स्टिकर उचलून आत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला तर काही महिने निघतात. गोंदाला हात लावायचं कारणच नव्हतं. ज्या कार्डांवर नुसता ठोकळा असतो, उदाहरणार्थ १९९९ चं व्हूडू ३, त्यांच्यासाठीही लोक हेच करतात: ठोकळ्याच्या पात्यांच्या फटींत स्क्रू पिळून वर ४० मिलिमीटरचा पंखा बसवतात.

तेव्हा साहित्याच्या यादीत दुरुस्ती करून घ्या: एक लहान स्टारचा स्क्रू ड्रायव्हर.

तो आणायला मी समोर गेलो. काका खुर्चीवर बसले होते, पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर त्यांच्या मिक्सरचे एकवीस भाग आणि माझी पिशवी. “बरं झालं आलास,” ते म्हणाले, “ही तळाची प्लेट काही निघत नाहीये. चिकटवलीय वाटतं मेल्यांनी. तुझ्याकडे हेअर ड्रायर आहे का?”