उपवासाचा स्टार्च कसा ओळखावा

एकादशीच्या आदल्या रात्री करी रोडच्या चाळींत हमखास हाक ऐकू येते, ‘काकू, कॉर्नफ्लॉवर चालतं का हो उपवासाला?’ रहिवाशांच्या सोयीसाठी पुढील नियम.

1. रसायनशास्त्राला विचारू नये. त्याच्या लेखी तांदूळ, मका, बटाटा, कसावा सगळे सारखेच. सगळ्यांत ग्लुकोजच्याच साखळ्या, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आयोडीनचा थेंब टाकला तर भात निळाकाळा होतो आणि खिचडीही.

2. मग कूळ तपासावे. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातला स्टार्च. कंद किसून, धुऊन, तळाशी बसलेल्या ओल्या स्टार्चचे दाणे वळून ते भाजायचे. आपल्याकडे तो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमहून येतो. कसावा मूळ दक्षिण अमेरिकेचा, तरी पास. मकाही अमेरिकेचाच, पण धान्य, म्हणून नापास. ज्वारी आपल्या शिवारातली, तीही नापास. कंद चालतो, धान्य नाही. वरीच्या तांदळाबद्दल प्रश्न विचारू नयेत.

3. डब्यावरचे लेबल पुसले गेले असल्यास चमचाभर पूड गार पाण्यात कालवून ढवळत शिजवावी. खळ पारदर्शक, चिकट, तार सुटणारी झाली तर कसावा. दुधट झाली आणि निवल्यावर वडी पडेल इतकी घट्ट बसली तर मका. मक्यात अमायलोज सुमारे 25 टक्के, कसाव्यात 17 ते 20. घट्ट बसण्याचे काम त्याचे.

4. साबुदाणा भिजवताना पाणी दाण्यांच्या जेमतेम वर ठेवावे. जास्त झाल्यास खिचडी न करता त्याच लगद्याची पातळ खळ करून सुती साडीला द्यावी. साडीला एकादशी नसते.

5. तरीही शंका उरल्यास मजल्यावरच्या जुन्या गिरणी कामगाराला गाठावे. सायझिंग खात्यात ताण्याला खळ लावत, धागा मागावर तुटू नये म्हणून. मका, टॅपिओका, चिंचोका, काहीही चाले, सोवळेओवळे नव्हते. खळ जास्त दिली की विरळ कापडही भरदार दिसे आणि पहिल्या धुण्यात पितळ उघडे पडे. म्हणून जाणते गिऱ्हाईक कापडाचा कोपरा चोळून बघे.

6. खिचडी, दोन वडे आणि लालबागच्या चिवडा गल्लीतला उपवासाचा चिवडा झाल्यावर आपल्या उपवासाचा कोपरा कोणालाही चोळू देऊ नये.