पंधरा अंकी मनीमाऊ

इंग्लंडने मांजरांच्या येण्याजाण्याला अखेर शिस्त लावली, हे फार उत्तम झालं. एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये मांजरासाठी जुन्या काळी दाराला नुसतं गोल भोक पाडलं होतं. कोण आलं, कोण गेलं, नोंदच नाही! आताची दारातली मांजरापुरती झडप मांजराच्या कातडीखालची, तांदळाच्या दाण्याएवढी चिप वाचते आणि पंधरा अंक जुळले तरच खिट्टी सोडते. (आपला आधार बारा अंकांत उरकतो.) 10 जून 2024 पासून तर पाळीव मांजराला तिथे चिप सक्तीचीच आहे.

प्रशिक्षणही रीतसर. आधी झडप चिकटपट्टीने वर अडकवायची, पलीकडे ट्यूनाचा तुकडा धरायचा, मग झडप हळूहळू खाली आणायची. खिट्टीच्या 'खट्' आवाजाला मांजर बिचकलं, तर मालकाने फरशीवर पालथं पडून स्वतःचं डोकं घालून दाखवावं. पुढेमागे तोंडी परीक्षाही ठेवता येईल.

व्यवस्था चोख आहे. शेजारचा बोका बाहेर भिजत बसतो. त्याचे अंक जुळत नाहीत. उंदीर मात्र आत येतो, तोही जिवंत. चिप त्याच्याकडेही नाही, पण तो अधिकृत मांजराच्या तोंडात बसून येतो, त्यामुळे त्याला कोणी अडवत नाही. सध्या मुक्काम फ्रिजमागे.