सहा महिन्यांचा धाक

दुबईहून विरारच्या चंदनसारला सुट्टीवर निघालेला गडी पासपोर्ट उघडतो आणि मुदत संपायला दोनच महिने उरलेले पाहून गार पडतो. लगेच खोलीतले सगळे कायदेपंडित गोळा होतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी, हा नियम प्रत्येकाला तोंडपाठ! तो नियम अनेक देशांनी परक्या पाहुण्यांसाठी केलाय, स्वतःच्या देशात परतणाऱ्यासाठी नव्हे, एवढं मात्र कोणी बोलत नाही. भारतीय माणसाला भारतात उतरायला त्या दिवशी वैध असलेला पासपोर्ट पुरतो. (वाटेत तिसऱ्या देशात शिरणार असाल तर गोष्ट निराळी.) अगदी संपलाच, तर वकिलात एका खेपेपुरता आपत्कालीन दाखला देते. अंधेरीला बॅगांसह विरार लोकलमध्ये शिरण्याचा दाखला कुठलीच वकिलात देत नाही, तो भाग वेगळा.

दुबईला परत जाताना मात्र आपण पाहुणे, आणि तोच नियम दारात उभा राहू शकतो. मुदत संपायच्या वर्षभर आधीच नवा पासपोर्ट काढता येतो. पण वर्षभर आधी जागा होईल तो चंदनसारचा कसला? शिवाय १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्यानंतरची काही वर्षं जुन्या पुस्तिकेत जिल्हा ठाणे, नव्या अर्जात पालघर असायचं. गडी घर न बदलता जिल्हा बदलून बसायचा. आणि आजही पुढे पोलीस पडताळणी निघाली, तर हवालदार शेजारी विचारणार, ‘‘हा इथेच राहतो ना?’’ आणि शेजारचे काका प्रामाणिकपणे सांगणार, ‘‘छे, तो तर दुबईला असतो!’’