कर्ज विकणे आहे

गृहकर्ज मागायला गेलात की तुमच्या सात पिढ्यांची चौकशी होते. पगाराच्या स्लिपा, आयकराची विवरणपत्रं, सिबिलचा स्कोअर, वर सहकर्जदार म्हणून बायकोची सही. एवढं पारखून जमलेलं नातं वीस वर्षं टिकेल, असं तुम्हाला वाटतं. कर्ज देणाऱ्याला तसं वाटलंच पाहिजे असं काही नाही. सहा महिने झाले की तो तुमचं कर्ज विकायला मोकळा असतो.

या विक्रीचं भारदस्त नाव सिक्युरिटायझेशन. शेकडो गृहकर्जांची मोट बांधून ती एका ट्रस्टच्या हवाली करायची, येणाऱ्या हप्त्यांच्या जोरावर रोखे काढायचे आणि ते मोठ्या गुंतवणूकदारांना विकायचे. वीस वर्षांत मिळायचा पैसा आजच हाती येतो आणि नव्या गिऱ्हाइकाला देता येतो. मे 2025 मध्ये एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या गृहकर्जांवरचे 1,000 कोटींचे रोखे राष्ट्रीय शेअर बाजारात दाखल झाले. आपण मात्र हप्ता जिथे भरत होतो तिथेच भरतो, त्यामुळे आपलं कर्ज कुणाच्या पदरी पडलं याचा बहुधा पत्ताही लागत नाही.

कल्पनेत खोट नाही, खोट नियतीत शिरते. अमेरिकेत कर्ज देणाऱ्यांनी ते लगेच विकायचं म्हणून उत्पन्नाचा पुरावासुद्धा पाहिला नाही. मानांकन संस्थांनी त्यावर ‘ट्रिपल ए’चे शिक्के उमटवले. 2008 मध्ये त्याचं बिल साऱ्या जगाने भरलं.

त्यातून धडा घेऊन रिझर्व्ह बँकेने 2021 च्या नियमांत रोख्यांवर पुन्हा रोखे काढायला बंदी घातली. विकणाऱ्याने थोडा हिस्सा स्वतःकडे ठेवावा, अशीही अट घातली. दोन वर्षांवरच्या इतर कर्जांना 10 टक्के, गृहकर्जांना मात्र 5.

आता आपला हिशेब पाहा. कर्ज 75 लाखांवर गेलं की घराच्या किमतीचे किमान 25 टक्के आपण पदरचे घालायचे. का? तर स्वतःचा पैसा अडकला की माणूस नीट वागतो. तर्क बिनतोड आहे. फक्त कर्जदाराला सचोटीसाठी रुपयातले चार आणे लागतात आणि कर्ज विकणाऱ्याचं पाच पैशांत भागतं, एवढंच!